प्रागवरून प्लझेनची बिअर फॅक्टरी बघायला जावं का? सोबत न पिणारी माणसं आहेत

वैदेही_कोथरूड
नमस्कार मंडळी, सप्टेंबरात प्राग आणि मग म्युनिक अशी ट्रिप ठरलीये. मी, नवरा आणि सासूबाई. प्रागमधला एक अख्खा दिवस नवऱ्याला चेकमधल्याच प्लझेन गावी जाऊन ती पिल्सनर उर्केल बिअरची ब्रुअरी बघण्यात घालवायचाय. आधी म्हणत होता तिथलं चर्च बघू, ज्यूंचं मोठं सिनेगॉग आहे ते बघू, शेवटी म्हटलं अरे ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस. मी पीत नाही, सासूबाईंचा तर प्रश्नच नाही, वर त्यांचा गुडघा. आमच्यासारख्यांना बघण्यासारखं काही असतं का तिथे की आम्ही दोघी बाहेर बाकड्यावर बसायचं? व्हेज काही मिळतं का? "नवऱ्याला एकट्याला पाठव" हे सोडून बाकी काहीही सांगा, तो सल्ला माहेरून आलाय आधीच.

नाना_म्युनिक
जा. आणि तिघं जा. मी इकडे आल्यापासून जो पाहुणा येतो त्याला काही ना काही ब्रुअरी बघायचीच असते त्यामुळे बऱ्याच झाल्यात बघून. ॲमस्टरडॅमला हायनेकेनचं जे बघतात तिथे १९८८ पासून कारखाना बंद आहे, आता नुसतं म्युझियम म्हणा, डब्लिनला गिनेसचं सात मजली आहे, वरून शहर छान दिसतं, पण तीही जुन्या इमारतीत मांडलेली गोष्टच, बिअर बनते शेजारी आणि ती आपल्याला दिसत नाही. प्लझेनला चालू कारखान्यातून फिरवतात. तांब्याच्या मोठाल्या कढया, तिथे चांगलंच गरम होतं आणि उकडलेल्या धान्याचा वास, मग बाटल्या भरायची लाईन वरच्या काचेतून बघायची, ती तर बघतच राहावी, आणि मग तळघर.

तळघरासाठीच जायचं खरं तर. दगडात हाताने खोदलेले बोगदे आहेत, सगळे मिळून ९ किलोमीटर, त्यातला थोडासाच भाग दाखवतात. आत वर्षभर ६-७ डिग्री, भिंती ओलसर, खाली फरशीवर पाणी. फ्रिज नव्हते तेव्हा हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून आणून इथे भरायचे. शेवटी ओळीने आडवी ओकची पिंपं, तिथला माणूस पिंपाची तोटी सोडून थेट ग्लासात देतो. न गाळलेली, गढूळ दिसते जरा, बाटलीतल्याशी काही संबंध नाही. ज्यांना प्यायची नाही त्यांच्यावर कोणी जबरदस्ती करत नाही.

सासूबाईंना स्वेटर आणि न घसरणारे बूट, हे नक्की. आवारात इमारती लांब लांब आहेत, मध्ये बसने नेतात, पण उभं राहणं आणि चालणं आहेच, दीड तासाच्या वर टूर चालते. गुडघ्याचं आधी मेलवर विचारून ठेवा. इंग्रजी टूरच्या वेळा ठरलेल्या असतात, तिकीट ऑनलाईन काढूनच निघा.

उसळपाव
नानांशी अर्धा सहमत. भारी आहे, पण गाईडच्या मागे कळपाने जायचं, मध्ये फिल्म बघायची, बाटल्यांच्या लाईनपाशी आपण फोटो काढेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. आणि मुद्दा नुसता ताजी बिअर पिण्याचा असेल तर प्रागमध्येच टँकवाले पब आहेत, फॅक्टरीतून टँकरने येते, पाश्चराईज न केलेली. नवऱ्याला तिकडे संध्याकाळी एक तास सोडा, दिवस वाचला. अर्थात तळघरातली ती पिंपातली तिथे मिळत नाही हेही खरं.

यीस्टवाली
मी फर्मेंटेशनमध्ये काम करते म्हणून माझं जरा वेगळं. न पिणाऱ्यालाही मजा येईल अशी गोष्ट आहे या जागेची. १८३८ मध्ये प्लझेनच्या लोकांनी खराब निघालेली ३६ पिंपं टाऊन हॉलसमोर ओतून दिली, इतकी वाईट बिअर व्हायची गावात. मग नागरिकांनीच मिळून नवी ब्रुअरी काढली आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा माणूस आणला. ऑक्टोबर १८४२ ला त्याने पहिला घाणा काढला आणि ती निघाली सोनेरी. तोपर्यंत आसपास सगळीकडे गडद बिअर. प्लझेनचं पाणी एकदम हलकं, क्षार जवळजवळ नाहीतच, फिकट भाजलेलं माल्ट म्हणजे मोड आणलेलं धान्य, चेकमधल्याच झाटेत्सचे हॉप्स म्हणजे कडवटपणा देणारी फुलं आणि थंडीत तळाशी काम करणारं यीस्ट, हे सगळं एका जागी जमलं. आज जगभर पिल्सनर म्हणून जे विकतात, आपल्याकडच्या बहुतेक लागर, म्हणजे थंडीत मुरवलेल्या बिअरच्या बाटल्यासुद्धा, ते सगळं तिथूनच आलं.

कढयांपाशी गाईडला एवढं नक्की विचारा की तीनदा का उकळता. माल्ट-पाण्याच्या मिश्रणातला थोडा भाग बाजूला काढून थेट आचेवर उकळायचा, परत ओतायचा, असं तीनदा. बाकी बहुतेकांनी खर्च वाचवायला हे कधीच सोडलं. आणि तळघरातली पिंपं शोभेची नाहीत हं, स्टीलच्या टाक्यांत बनणारीची चव जुन्यासारखीच राहतेय का हे ताडून बघायला थोडी बिअर अजून लाकडात मुरवतात, ती पिंपं दुरुस्त करणारे सुतार पगारावर आहेत ब्रुअरीच्या!

वैदेही_कोथरूड
वा, मस्त माहिती. सासूबाईंना यीस्टवालीची पोस्ट वाचून दाखवली, त्यांना ३६ पिंपं ओतल्याचं फार आवडलं, म्हणाल्या बरं केलं. म्हणजे तिघं जातोय. खायचं राहिलं, आणि नवरा म्हणतोय गाडी भाड्याने घेऊ म्हणजे आईला सोपं पडेल.

नाना_म्युनिक
गाडी अजिबात नको. चेकमध्ये पिऊन गाडी चालवायला शून्य सूट आहे, एक ग्लाससुद्धा चालत नाही, मग तो तळघरात नुसता हात बांधून उभा राहील. प्रागहून ट्रेन दीड तास, स्टेशनहून ब्रुअरी चालत दहा-पंधरा मिनिटं. तसंही प्राग-म्युनिक ट्रेन प्लझेनवरूनच जाते, म्हणजे सामानाची सोय झाली तर म्युनिकला जातानाच उतरा, परत प्रागला यायची गरजच नाही.

खायला आवारातच ना स्पिल्त्से म्हणून अवाढव्य रेस्टॉरंट आहे. सगळं मांसच दिसेल मेन्यूत, पण चेकमध्ये तळलेलं चीज, स्माझेनी सीर, बहुतेक ठिकाणी मिळतं, बटाट्याचं धिरडं, ब्रामबोराक, पण मागा, फक्त आत मांस नाही ना विचारून. आणि नवऱ्याला सांगा, ग्लासात तीन बोटं फेस आला तर वेटरशी भांडू नको, तिथे मुद्दाम तसाच ओततात, आपल्याकडच्यासारखं "भैया फेस कम" केलं तर वेटर तोंड वाकडं करेल.

उसळपाव
@वैदेही सोमवारी-मंगळवारी टूर कमी असतात का तेवढं साईटवर बघून घ्या. आणि ट्रेनमध्ये जाताना खिडकीपाशी बसा, सुरुवातीला नदीच्या कडेने जाते.

वैदेही_कोथरूड
बघते. गुडघ्यासाठी मेल टाकलाय ब्रुअरीला, उत्तर आलं की इथे टाकते.