ग्लुटेन-फ्रीचं महाग पाकीट घ्यायचं की पेठेतला शाळू?

शहापूरची आई:
लेकीला सिलियाक, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन आतड्याला न सोसण्याचा आजार, निघून दोन वर्षं झाली, आधी रक्ताची टीटीजी तपासणी मग एंडोस्कोपी, तेव्हापासून गहू, जव, राय ही धान्यं बंद. पहिले सहा महिने घाबरून मॉलमधल्या किराणा विभागातली ग्लुटेन-फ्री पाकिटंच आणत होतो, साध्या आट्याच्या तिप्पट-चौपट भाव, वर त्याची चपाती थंड झाली की पुठ्ठा. आता रविवार पेठेतनं शाळू ज्वारी, नाचणी, तांदूळ आणतो आणि घर नीट चाललंय. माझं मत स्पष्ट आहे, आपल्या बेळगाव भागात भाकरी, आंबील, भात, इडली, पोहे हेच मूळ जेवण, ते सोडून महाग पाकिटांमागं लागायची गरज नाही.

टिळकवाडीकर:
ताई, तुमचं अर्धं पटतंय. शाळूत ग्लुटेन नाही हे खरं, पण दळून कुठं आणता? माझ्या भावाला हाच आजार आहे. गल्लीतल्या गिरणीत आमच्या आधी एकाचे दहा किलो गहू दळले, लगेच त्याच जात्यात आमचा शाळू. पहिलं ओंजळभर पीठ पिवळसर आलं, मला डोळ्यानं दिसत होतं, गिरणीवाले म्हणाले काही होत नाही. चार दिवस भावाचं पोट धरलं होतं. आपल्याकडं ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागं 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं, म्हणजे किलोभर पिठात एक ग्रॅम कणीक मिसळली तरी हद्द पार. त्या पाकिटाचा भाव या तपासणीचा आहे.

निपाणीची सून:
पण दादा, तो भाव परवडणारे किती? आमच्यात रेशनचा तांदूळ आणि शेतातली ज्वारी यावरच घर आहे. आजारी माणसाला पाकीटच पाहिजे म्हटलं तर गरिबानं काय करायचं? उपवासाचं सामान बघा की, राजगिरा, वरी, शिंगाडा, साबुदाणा, कुठल्याही दुकानात मिळतं. फक्त सुटं घेऊ नका, पोत्यातलं तेच माप रव्यात पण फिरतं.

खानापूरवाला:
मी तर तीन महिने झाले गहू सोडलाय, पोट हलकं वाटतं, वजन पण उतरलं. टेस्टबिस्ट काही केली नाही. सगळ्यांनीच सोडावा.

टिळकवाडीकर:
असं करू नका हो. गहू बंद करून मग टेस्ट केली की रिपोर्ट चुकून नॉर्मल येऊ शकतो. आधी टेस्ट, मग पथ्य. आणि हौसेनं सोडणाऱ्यांमुळं दुकानदाराला वाटतं हे डाएटचं फॅड, मग खऱ्या पेशंटनं विचारलं तरी हसण्यावारी नेतात.

शहापूरची आई:
गिरणीचं टिळकवाडीकरांनी बरोबर सांगितलं, ते मी मान्य करते. पाकिटं सोडल्यावर लेकीला झालेला त्रासही तिथलाच असणार. आणि दुसरा चोर सापडला तो हिंगाच्या डबीत! बांधानी, म्हणजे पिठात मिसळून केलेल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, आम्ही रोज आमटीत घालत होतो. आता डबी उलटी करून घटक वाचते, इंग्रजी बारीक असलं तर कन्नडमध्ये ‘गोधी’ दिसतंय का बघते, गोधी म्हणजे गहू. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो घेतला. दुधात घालायची माल्टची पावडर पण गेली, माल्ट बहुतेक जवापासनं करतात. ओट्स साधे घेऊ नका, त्यात गहू मिसळलेला असू शकतो.

म्हणून आता ग्लुटेन-फ्री लेबलवालं फक्त हिंग, बेसन आणि ओट्स, बाकी सगळं धान्य अख्खं आणते, निवडून धुऊन वाळवून घरघंटीवर दळते. घरघंटीत गव्हाचा दाणा जाऊ देत नाही, घरच्यांच्या चपातीची कणीक बाहेरनं येते.

निपाणीची सून:
घरघंटीला पैसे कुठनं आणायचे पण?

शहापूरची आई:
एकटीनं नकोच. गल्लीत असे पेशंट चार घरं असली तर मिळून एक घ्या, गहू त्यात घालायचा नाही एवढं एकच ठरवायचं. तोवर गिरणीवाल्यांना विचारा, ज्वारी-नाचणीचं वेगळं जातं आहे का. काही ठिकाणी असतं, आमच्या इथं विचारल्यावरच कळलं.

टिळकवाडीकर:
वेगळं जातं असेल तर माझं म्हणणं मागं घेतो. कुठल्या बाजूला आहे ते मला मेसेज करा, भावाचा शाळू उद्याच घेऊन जातो.