मदत हवी आहे : योगशिक्षिकेने योगोपचाराचं पुढचं शिक्षण कुठे घ्यावं?

पोफळी

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात समुद्राकाठच्या एका गावात मी योगवर्ग घेते. मुक्त विद्यापीठाचा योगशिक्षक डिप्लोमा झालाय. नंतर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची 'योगा वेलनेस इन्स्ट्रक्टर' ही परीक्षाही पास झाले. वर्ग देवळाच्या सभामंडपात असतो, सकाळी बायकांचा, संध्याकाळी सगळ्यांचा. भाताची लावणी सुरू झाली की सकाळचा वर्ग निम्मा होतो, शिमग्यात आणि गणपतीत तर कोणी फिरकतच नाही. ते चालायचंच.

अडचण वेगळी आहे. वर्गाला येणारं माणूस आता योग शिकायला येत नाही, दुखणं घेऊन येतं. काजू कारखान्यात दिवसभर बसून मान आणि खांदे आखडलेल्या बाया, लावणीने कंबर धरलेल्या बाया, मुलं मुंबईला आणि इथे बीपी-शुगरच्या गोळ्यांवर असलेली म्हातारी जोडपी. मध्यंतरी एक निवृत्त गुरुजी आले. हातात मेडिकलची प्लास्टिकची पिशवी, आत एमआरआयची फिल्म आणि घड्यांवर विरलेला रिपोर्ट. तो माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, ह्यात एल फोर-एल फाइव्ह असं काहीतरी लिहिलंय. मग मी पुढे वाकू की मागे?" डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली फक्त 'योगा करा' एवढंच. मी त्यांना पाय खुर्चीवर ठेवून उताणं झोपवलं, श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि बाकी सगळं डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत थांबवलं.

आसनं मला शिकवता येतात. समोरच्याची हकीकत कशी घ्यायची, रिपोर्टमधलं काय आपल्या कामाचं, कोणाला काय द्यायचं नाही आणि कोणाला सरळ परत पाठवायचं, हे शिकायचंय. एका मैत्रिणीने शनिवार-रविवार झूमवर 'सर्टिफाइड योगा थेरपिस्ट' केलं. तिच्या नोट्स बघितल्या. डावीकडे रोगाचं नाव, उजवीकडे आसनांची यादी. मधुमेह म्हटलं की मंडूकासन, झालं! असलं नकोय. पेशंट समोर बसलेत आणि जाणता माणूस आपल्या शेजारी उभा आहे, असं शिक्षण कुठे मिळेल?

घरी सासूबाई अंथरुणाला आहेत, मार्च ते मे आंब्याची धांदल असते. महिनोन्‌महिने सलग बाहेर राहणं जमायचं नाही. थोडं ऑनलाइन आणि मधूनमधून प्रत्यक्ष, असं असेल तर उत्तम.

डोंगरवाट

ताई, पदवीधर आहात का? पुढचे बरेचसे रस्ते त्यावर अवलंबून आहेत.

पोफळी

हो, बीए आहे, मराठी घेऊन. शास्त्र दहावीपर्यंतच.

डोंगरवाट

मग लोणावळ्याचं कैवल्यधाम आधी बघा. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये ते सुरू केलं आणि पहिल्यापासून त्यांचा भर तपासून बघण्यावर होता. उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती उतरतो हे त्यांनी उपकरणं लावून मोजलं, क्ष-किरणाखाली बघितलं. तिथे योगोपचाराचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आणि तुमच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे आवारातच रुग्ण राहून उपचार घेतात. म्हणजे तुम्हाला हवी ती 'माणसं समोर' असतात. अडचण तुम्ही सांगितलीच आहे, मुक्काम. पण त्यांचं मुंबईत मरीन ड्राइव्हलाही केंद्र आहे, तिथे चौकशी करा.

सांताक्रूझचं योग इन्स्टिट्यूट त्याहून जुनं, 1918 चं, श्री योगेंद्रांचं. तिथे मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी अशा एकेका विषयावर छोटी शिबिरं होतात. शिबिर लोकांसाठी असतं, शिक्षकांसाठी नव्हे. तरी मोठ्या अभ्यासक्रमाला पैसे भरण्याआधी एखाद्या शिबिरात नुसतं बसून या. शिकवणारा माणूस पेशंटला किती प्रश्न विचारतो ते मोजा, तेवढ्यावर पुष्कळ कळतं.

बंगळूरुजवळचं एस-व्यासा विद्यापीठ रोगवार उपचारासाठी नावाजलेलं आहे, पण गुहागरहून ते पडतं लांब. पुण्याचं अय्यंगार केंद्र उपचाराच्या कामात फार बारकाईचं, दोर, पट्टे, लोड, खुर्च्या यांचा वापर बघत राहावा असा. मात्र कोर्स करा आणि सर्टिफिकेट घेऊन घरी जा, असा तिथला मामला नाही. त्या पद्धतीत मुरावं लागतं.

खारंवारं

आमच्या कुडाळात डॉक्टर सांगतत 'योगा करा', आणि खयचो योगा ता कोणच सांगणा नाय 😀

बाकी ताई, आमची आजी कधी थेरपी शिकली नव्हती, नव्वदीपर्यंत विहिरीचं पाणी ओढत होती. उगाच कशाला ह्या भानगडी?

पोफळी

तुमच्या आजींना नमस्कार. माझ्याकडे येतात त्या आज्यांचे गुडघे मात्र विहिरीपाशीच गेलेत.

कमरेचा_काटा

मी चिपळूणला फिजिओथेरपिस्ट आहे. कोर्सचं इतरांनी सांगितलंच, मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण बिघडलेली माणसं शेवटी आमच्याकडे येतात.

गुरुजींचा प्रश्न अगदी नेमका आहे. एल फोर-एल फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, चकती सरकून नस दाबली गेली असेल, तर पुढे वाकण्याने सहसा कळ वाढते. पण साठीनंतर मणक्याची नळी अरुंद होऊन त्रास होत असेल तर चित्र उलटं. तो माणूस थोडं चालला की पाय भरून येतात, बसला किंवा पुढे वाकला की बरं वाटतं. त्याला भुजंगासन दिलंत तर तो दुसऱ्या दिवशी वर्गाला येणारच नाही. म्हणजे रिपोर्टवर मणका तोच, आणि सल्ला विरुद्ध. नुसतं कागद वाचून ठरत नाही. कोणत्या हालचालीने कळ पायात उतरते आणि कशाने ती वर कमरेकडे सरकते, हे विचारून आणि बघून ठरतं. तुमच्या कोर्समध्ये हे शिकवत नसतील तर तो कोर्स घेऊ नका.

परत कोणाला पाठवायचं हेही विचारलंत. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर योगही नको आणि माझ्याकडेही नको. त्याच दिवशी थेट मोठ्या हॉस्पिटलात. रात्री झोपेतून उठवणारी कळ, सोबत ताप किंवा वजन उतरणं, हेही डॉक्टरांकडेच.

गोळ्यांची चिठ्ठी बघायची सवय लावा. बीपीसाठी मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल अशा गोळ्या असतील तर नाडी वाढायची तेवढी वाढत नाही, त्यामुळे नाडी धरून 'दमला नाही' असं समजू नका. बीपीच्या माणसाला शवासनातून झटकन उभं करू नका, आधी कुशीवर, मग बसू द्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी सहाच्या वर्गाला आलेला माणूस घामाघूम होऊन हात थरथरू लागला तर ती शुद्धी नव्हे, साखर उतरलीय. सभामंडपात साखरेचा डबा ठेवा.

काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं काही नको. 2015 च्या एका अभ्यासात अधोमुख श्वानासन, उत्तानासन, हलासन आणि भिंतीला पाय लावून केलेली विपरीत करणी, चारींतही डोळ्यातला दाब वाढलेला दिसला. आपण विपरीत करणी म्हाताऱ्यांना 'सोपी' म्हणून देतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि हाडं ठिसूळ झालेल्या बायका. 1984 चा अमेरिकेतला जुना अभ्यास आहे, 59 बायकांचा, म्हणजे छोटाच. पाठ मागे नेणारे व्यायाम करणाऱ्यांत नवीन मणका दबलेल्या 16 टक्के निघाल्या, पुढे वाकणारे व्यायाम करणाऱ्यांत 89 टक्के. तुमच्या वर्गात साठीच्या पुढच्या बायका पश्चिमोत्तानासनात नाक गुडघ्याला लावण्याची चढाओढ करत असतील, तर ती आजच थांबवा.

शेवग्याची_शेंग

सर्टिफिकेटबद्दल थोडं. 200 तास, 300 तास असे जे कोर्स गोव्यापासून सगळीकडे चालतात, ते योग शिकवण्यासाठीचे. त्यांची नोंदणी करणाऱ्या अमेरिकेतल्या योगा अलायन्सने 2016 मध्ये स्वतःच आपल्या नोंदणीतल्या शिक्षकांना 'थेरपी', 'थेरपिस्ट' हे शब्द तिथे वापरायला मनाई केली. थेरपिस्टांची वेगळी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची मान्यता असलेला अभ्यासक्रम किमान 800 तासांचा असतो. दोन दिवसांच्या झूमचं काय ते समजा.

आपल्याकडे ताईंना जवळचा रस्ता योग सर्टिफिकेशन बोर्डाचाच. त्यात शिकवण्याच्या पायऱ्या वेगळ्या आणि उपचाराच्या वेगळ्या: असिस्टंट योगा थेरपिस्ट, योगा थेरपिस्ट आणि थेरप्युटिक योगा कन्सल्टंट. आधी असिस्टंटचा अभ्यासक्रम उतरवून घ्या. त्यात शरीररचना आणि रोगांची माहिती किती आहे बघा, म्हणजे बीएवाल्यांना कुठे घाम गाळायचाय ते कळेल. परीक्षा म्हणजे शिक्षण नव्हे, हे आहेच.

आणि कोणताही बिल्ला लागला तरी कोणाची गोळी कमी-जास्त करायची नाही. लोक विचारणारच, "आता बीपी उतरलंय, सोडू का?"

पोफळी

विचारतातच. रोज.

सगळ्यांचे आभार, फिजिओदादांचे विशेष. साखरेचा डबा आणि चढाओढ, दोन्ही उद्यापासून. तुमच्याकडे पेशंटची पहिल्या दिवशीची माहिती लिहून घ्यायचा छापील फॉर्म असतो ना, त्याचा कोरा फोटो पाठवाल का? मी माझ्यापुरता मराठीत करून घेईन. आणि महिन्यातून एखाद-दोन दिवस तुमच्या दवाखान्यात कोपऱ्यात बसून बघायला आले तर चालेल का? गुहागर-चिपळूण एसटी हाताशी आहे.

कमरेचा_काटा

फॉर्म व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. गुरुवारी या, त्या दिवशी कंबरवालेच जास्त असतात. पेशंटला विचारूनच तुम्हाला आत बसवेन, कोणी नको म्हटलं तर बाहेर थांबावं लागेल. येताना तुमच्या वर्गातल्या ज्या दोन-तीन जणांचं कोडं सुटत नाही, त्यांची हकीकत नावं न घालता लिहून आणा.

पोफळी

येते. नणंद सांताक्रूझजवळ राहते, त्यामुळे आंबा उतरला की जूनमध्ये आठ दिवस तिच्याकडे राहून दोन्ही ठिकाणी चौकशी करीन. आता एकच शंका उरली. मुंबईच्या किंवा लोणावळ्याच्या अभ्यासक्रमात मराठीतून पेपर लिहिता येतो का, की सगळं इंग्रजीतच? तिथे शिकलेल्या कोणी इथे असेल तर लिहा.