‘राणी’, ‘आश्रयदात्री’ की ‘संगीतकार’?

विचारणा : १८व्या शतकातल्या जर्मन राजस्त्रियांवर लेख लिहिते आहे. बायरॉइटची विल्हेल्मिने, वायमारची आना अमालिया यांना सरसकट ‘राणी’ म्हणावं का? आणि त्यांच्या संगीतातल्या कामासाठी ‘आश्रयदात्री’ पुरेल?

प्रतिसाद : ताई, ‘राणी’ नको. तेव्हा जर्मनीत लहानमोठी कितीतरी संस्थानं होती आणि पदवीवरून त्यांचा दर्जा ठरायचा. विल्हेल्मिने प्रशियाच्या राजाची मुलगी, फ्रीडरिश द ग्रेटची थोरली बहीण. पण १७३१ साली ती बायरॉइटच्या घरात पडली आणि पुढे ‘मार्कग्रेफिन’ झाली. ‘मार्क’ म्हणजे सरहद्दीचा मुलूख, ‘ग्राफ’ म्हणजे सरदार, ‘ग्रेफिन’ हे त्याचं स्त्रीरूप. तिच्या काळी बायरॉइट काही सरहद्दीवर नव्हतं, पदवी तेवढी घराण्यात चालत आली होती. म्हणून मूळ शब्द ठेवून एकदा अर्थ द्यावा. आना अमालियाला ‘डचेस’ म्हणा, तो शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. १७५८ साली नवरा वारला तेव्हा ती १८ वर्षांची होती. अज्ञान मुलाच्या वतीने तिने १७७५पर्यंत कारभार पाहिला. त्यापुढच्या काळासाठी आपला ‘राजमाता’ चपखल बसतो.

खरी अडचण आहे ती ‘आश्रयदात्री’ची. त्यातून पैसा कुणी दिला एवढंच कळतं. विल्हेल्मिनेने बायरॉइटला ऑपेरागृह उभं करवलं, आतली सगळी लाकडी सजावट इटालियन रंगमंच-रचनाकार जुझेप्पे गाल्ली बिबिएनाकडून करून घेतली. १७४८ साली मुलीच्या लग्नात ते खुलं झालं आणि आज ते जागतिक वारसा यादीत आहे. इथे ‘आश्रयदात्री’ जरूर म्हणा. पण १७४० साली नवऱ्याच्या वाढदिवसासाठी ‘आर्जेनोरे’ हा ऑपेरा तिने स्वतः रचला, आणि वाढदिवस असूनही शोकांत रचला! आना अमालियाने १७७६ साली जर्मन कवी गटेच्या ‘एर्विन उंड एल्मिरे’ला संगीत दिलं. अशा ठिकाणी सरळ ‘संगीतकार’ लिहा. ‘संगीतप्रेमी डचेस’ असं लिहिलं की तिचं काम हौसेच्या खात्यात जमा होतं, आणि ते मला फार खटकतं. स्त्रीलिंगी रूप शोधत बसायलाही नको. ‘ती संगीतकार होती’ एवढं पुरे.

विचारणा : मग ‘वाग्गेयकार’ कसा वाटतो?

प्रतिसाद : शब्दही आपले, संगीतही आपलं, तोच वाग्गेयकार. आना अमालियाला तो लागणार नाही, शब्द गटेचे आहेत. सॅक्सनीच्या मारिया आंटोनिया वालपुर्गिसला मात्र शोभेल. ‘तालेस्त्री’ या ऑपेराचं काव्य तिचं, संगीत तिचं आणि मुख्य भूमिकाही तीच गायली. लाइप्झिगच्या ब्राइटकॉप्फने तो छापला, पण त्यावर नाव आलं फक्त ‘ई. टी. पी. ए.’, रोमच्या आर्केडियन अकादमी या साहित्यिक मंडळातल्या तिच्या नावाची ही आद्याक्षरं. तुमच्या लेखात ती नसेल तर तिच्यासाठी जागा कराच.