लाल गोळी, पांढरी गोळी आणि आपलं पोट: तुमचे अनुभव लिहा

परवा तुळशीच्या कुंडीतली माती उकरताना अर्धवट विरघळलेल्या लोहाच्या लाल गोळ्या सापडल्या. सहा-सात असतील. भोवतीची माती गंजल्यासारखी झालेली. धाकट्या जावेला विचारलं तर आधी गप्प, मग म्हणाली, "अक्का, घेतली की पोटात कालवतंय. फेकून द्यायला जीव होत नाही. तुळशीला तरी लागू दे की." बाळंत होऊन तिला चार महिने झालेत. गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, रोज एक गोळी.

रागावणार होते, पण कुठल्या तोंडानं? दोन वर्षांपूर्वी माझं हिमोग्लोबिन ८.४ आलं, तेव्हा मीही दहाव्या दिवशी लोहाची गोळी बंद केली होती. उपाशीपोटी घ्या म्हणून सांगितलेलं, म्हणून उठल्या उठल्या घ्यायची. अर्ध्या तासात मळमळ, बेंबीच्या वर जळजळ, तोंडात खिळा चोखल्यागत चव. डॉक्टरीणबाईंना सांगायचा संकोच. तीन महिन्यांनी आकडा ७.९ आला तेव्हा चोरी पकडली गेली. त्या म्हणाल्या, रात्री जेवल्यावर घ्या आणि एक दिवसाआड घ्या. जेवणानंतर लोह थोडं कमी शोषलं जातं, पण डब्यात राहिलेल्या गोळीतलं काहीच शोषलं जात नाही!

एक दिवसाआडचं कारणही त्यांनीच सांगितलं. लोहाचा मोठा डोस गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते दुसऱ्या दिवशीच्या लोहाला दार लावून घेतं. न शोषलेलं लोह आतड्यात पडून राहतं आणि पोटाला त्रास देतं. (हे माझ्यापुरतं. गरोदर आणि बाळंतिणींनी मनानं दिवस गाळू नयेत, आधी नर्सबाईंना विचारावं.)

लोह, कॅल्शियम, झिंक, काहीही असो. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी, कुठलेही असा. पोट कसं बिघडलं आणि मग काय केलंत, लिहा.

निपाणीची लेक

आई तीस वर्षं विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन एकदा बसली की उठायचं नाव नाही. सकाळी चहा, अकराला चहा, जेवण दोनला. लोहाची गोळी सकाळच्या चहाबरोबर, कारण त्या वेळी हातात कप असतो आणि आठवण राहते. महिन्याभरात छातीत जळजळ सुरू झाली. मग दुकानातून ॲसिडिटीची गोळी आणून रोज घ्यायला लागली. दोन्हीकडून तोटा झाला की! चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, आणि लोह शोषायला पोटात आम्ल लागतं ते या दुसऱ्या गोळीनं कमी केलं. म्हणजे जळजळ सोसून रक्त वाढलंच नाही.

आता दोनला भाकरी, भाजीवर लिंबू पिळलेलं, मग गोळी. चहा चारला. पहिला आठवडा चहावाचून डोकं धरून बसायची, आता सवय झाली. चव मात्र अजून शिव्या देण्यासारखी आहे म्हणते.

जांबोटीकडची सून

माझं माहेर चंदगड, त्यामुळे लग्न होऊन इकडे आले तेव्हा कन्नड शून्य. गरोदरपणी हातात तपासण्यांच्या नोंदीचं 'ताई कार्ड' दिलं. मला वाटलं, ताई म्हणजे आशाताईंचं कार्ड असेल, सांभाळून त्यांना परत द्यायचं. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, हे सातव्या महिन्यात कळलं.

अंगणवाडीत मातृपूर्ण योजनेचं दुपारचं जेवण मिळायचं. भात, सांबार, अंडं, वर दूध आणि शेंगदाण्याची चिक्की. लाल गोळी आणि कॅल्शियमची पांढरी, दोन्ही मी त्याच दुधाच्या घोटाबरोबर गिळायची, एकदाचं काम संपवायचं म्हणून. बाईंनी कन्नडमध्ये काहीतरी सांगितलेलं, मी मान हलवलेली. पोट दगडासारखं झालं, चार-चार दिवस साफ नाही. आणि झालं की काळं. रडत नवऱ्याला सांगितलं, मला आतून रक्त जातंय.

आशाताई मराठी बोलणाऱ्या निघाल्या म्हणून वाचले. लोहानं शौचाला काळपट-हिरवट होतंच, घाबरायचं नाही. कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही म्हणून दोन्हींत किमान दोन तास ठेवायचे. लाल गोळी दुपारी पाण्याबरोबर, पांढरी रात्री जेवताना. बरोबर पाणी भरपूर, नाचणीची आंबील आणि संध्याकाळी शेताच्या बांधापर्यंत चालणं. आठवड्याभरात पोट मोकळं झालं.

(धागाकर्ती)

काळ्या रंगाबद्दल एक भर. नुसता काळपट रंग लोहाचा. पण डांबरासारखं चिकट, घाण वास आणि चक्कर असेल तर ते पोटातलं रक्त असू शकतं. तेव्हा दवाखाना.

अनगोळ

कॅल्शियम कार्बोनेट: गॅस, ढेकर, पोट फुगणं. डॉक्टरांनी सायट्रेट दिलं, थांबलं. महाग आहे. बस्स.

शहापूरचा मागवाला

बाबांना रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी होती, त्यानं पोटॅशियम उतरलं. सिरप लिहून दिलं. आमचे बाबा म्हणजे माग बंद न करता औषध घेणारे. बाटलीचं बूच काढलं, बुचातच ओतलं, गट्‌कन गिळलं. पाच मिनिटांत पोट धरून खाली बसले, घाम फुटला. पोटॅशियम क्लोराइड इतकं जहाल असतं की पाण्यात पातळ न करता घेतलं तर जठराचं अस्तर भाजतं. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर पाण्यात घालून, जेवल्यावर, सावकाश. पुन्हा काही झालं नाही. बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं होतंच, पण बाबा चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले, त्यांनी ते कसं वाचायचं? आता मी बाटलीवर चिकटपट्टी लावून 'पाण्यात' एवढंच मोठ्या अक्षरात लिहिलंय.

खडेबाजारात काउंटरवर उभा असणारा

करोनाच्या काळात झिंक साखर-पत्तीसारखं विकलं. पन्नास मिलिग्रॅमची गोळी, सकाळी उपाशीपोटी, काढ्याबरोबर. मग तीच माणसं उलटीची गोळी मागायला यायची. झिंक रिकाम्या पोटी बहुतेकांना मळमळतंच. मोठ्या माणसानं रोज ४० मिलिग्रॅमच्या वर सल्ल्याशिवाय जाऊ नये, आणि महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. जुलाब झालेल्या लेकरांना १४ दिवस देतात ती गोष्ट वेगळी, तो कोर्स पुरा करावा.

अजून एक. लोहाच्या पाकिटावरचा मोठा आकडा बघून घाबरू नका किंवा खूशही होऊ नका. तो बऱ्याचदा अख्ख्या क्षाराचा असतो, त्यातल्या लोहाचा नाही. फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण ३३ टक्के, ग्लुकोनेटमध्ये १२. पोटाला त्रास किती, हे बऱ्याच अंशी आत प्रत्यक्ष लोह किती यावर ठरतं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी लोह-कॅल्शियम चार तास लांब ठेवायचं. हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो, गिऱ्हाईक सुट्टे पैसे मोजत असतं.

अथणी

रात्री पायात गोळे येतात म्हणून मेहुण्यानं मॅग्नेशियम आणून दिलं. ऑक्साइड होतं हे नंतर बघितलं. दुसऱ्या दिवशी यल्लम्माला सौंदत्तीला निघालेलो, एस्टी खचाखच. गोकाक मागं पडलं आणि पोटात गुरगुर सुरू झाली. पुढचं सांगत नाही. कंडक्टर देवमाणूस होता. मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून घेतं, मिल्क ऑफ मॅग्नेशिया हे पोट साफ करायचं औषध त्यावरच चालतं, हे मेहुण्याला माहीत नव्हतं म्हणे.

बेळगुंदी

एवढ्या गोळ्या कशाला? आमची आज्जी नाचणी खाऊन नव्वदीपर्यंत शेतात गेली.

(धागाकर्ती)

नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम. खाच. पण हिमोग्लोबिन आठवर आलं की नुसत्या भाकरीनं ते भरून निघेपर्यंत फार उशीर होतो. आज्जीचं रक्त कुणी तपासलं होतं का, हेही विचारते.

जावेला हे सगळं काल वाचून दाखवलं. बांधापर्यंत चालण्यावर हसली, अथणीच्या एस्टीवर पोट धरून हसली. रात्री भात-आमसुलाच्या सारावर माझ्यासमोर गोळी घेतली. अकरापर्यंत जागी राहून मी दोनदा विचारलं, कालवतंय का? "थोडं. कालच्यापेक्षा कमी." गुरुवारी बाळाला लस द्यायला जायचंय, तेव्हा नर्सबाईंना कुंडीतल्या गोळ्यांचंही सांगायचं ठरलंय. सांगणार मी, ती नाही म्हणते.