मदत हवी आहे : अवसायनातील बियाणे कंपनीच्या न विकल्या गेलेल्या वाण-हक्काचे पुढे काय होते?

जालना जिल्ह्यातील आम्ही काही बीजोत्पादक शेतकरी एका खासगी कंपनीसाठी संकरित बाजरीचे प्लॉट घेत होतो. कंपनी नादारीत गेली, तोडगा निघाला नाही आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्याचा, आदेश दिला. थकलेल्या पैशांचे आमचे दावे मान्य झाले आहेत. मात्र नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 53 मधील क्रम पाहता अवसायनाचा खर्च, कामगार आणि तारणदार बँक यांच्या बऱ्याच मागे आमचा नंबर लागतो, त्यामुळे त्या रकमेची आशा आम्ही सोडल्यातच जमा आहे.

प्रश्न वेगळा आहे. जमीन, इमारत आणि ग्रेडिंगची यंत्रे ई-लिलावात विकली गेली. शिल्लक राहिला तो नोंदणीकृत वाणावरील पैदासकाराचा हक्क, म्हणजे त्या वाणाचे बियाणे तयार करून विकण्याचा एकाधिकार. राखीव किंमत उतरवूनही त्यावर बोली आली नाही. त्याचे कारण लिलावाच्या नोटिशीतच दिसते. हक्क ‘अमूर्त मालमत्ता’ या सदरात दाखवला आहे, आणि शीतगृहातील पायाभूत बियाणे ‘इतर साठा’ या सदरात, रिकाम्या बारदानाच्या शेजारी. हा संकर करायचा तर नरवंध्य (स्वतःचे पराग नसलेली) मादी, तिला टिकवणारी ओळ आणि नर अशा तिन्हींचे शुद्ध बियाणे हाती हवे. ते नसेल तर प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद, आणि हक्क नसेल तर ते बियाणे वाढवून विकता येत नाही. ओळी वेळेवर पेरून ताज्या केल्या नाहीत तर उगवणशक्ती घटत जाते, हे बोली लावायला बसलेल्या मुंबईच्या मंडळींना कोण सांगणार?

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला हक्क आणि बियाणे दोन्ही एकत्र घ्यायचे आहेत. थेट वाटाघाटीने विक्री होऊ शकते का? येणे असलेल्या रकमेपोटी हक्क मागता येईल का? आणि काहीच न होता कंपनी विसर्जित झाली, तर हक्क कोणाचा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर

पाटील साहेब, संहितेच्या कलम 36 नुसार बौद्धिक संपदा ही अवसायन-संपत्तीचाच भाग असते, त्यामुळे बोली आली नाही म्हणून अवसायकाला (ही विक्री करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला) ती सोडून देता येत नाही. अवसायन प्रक्रिया विनियम, 2016 मधील विनियम 33 खाली खासगी विक्रीला वाव आहे : मालमत्ता नाशवंत असेल, लगेच न विकल्यास तिचे मूल्य बरेच घटणार असेल, फसलेल्या लिलावाच्या राखीव किमतीपेक्षा जास्त भाव मिळत असेल, किंवा न्यायाधिकरणाने आधी परवानगी दिली असेल तर. बियाण्याबाबत आपला मुद्दा भक्कम आहे. प्रयोगशाळेचा उगवणशक्तीचा अहवाल जोडून हक्क व तिन्ही ओळींसाठी एकच लेखी प्रस्ताव द्या.

येणे रकमेपोटी हक्क मागण्याच्या वाटेला मी जाणार नाही. सहज वा फायद्यात न विकली जाणारी मालमत्ता न्यायाधिकरणाच्या परवानगीने हितसंबंधितांत वाटण्याची सोय विनियम 38 मध्ये आहे, पण तिथेही बँक आपल्या पुढे उभी असेल. थोडी का होईना, रोख रक्कम देऊ करा. आपला कोणी संचालक संहितेच्या कलम 29अ खाली (अशी मालमत्ता कोणाला घेता येत नाही, हे सांगणारे कलम) अपात्र नाही आणि जुन्या प्रवर्तकांचा नातेवाईक नाही, हेही लेखी द्या.

विसर्जनानंतर उरलेली बेवारस मालमत्ता राज्यघटनेच्या कलम 296 प्रमाणे सरकारकडे जाते, आणि तिथून ती सोडवणे म्हणजे वर्षानुवर्षांचे काम. त्याआधी एक गोष्ट तातडीने तपासा. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 खाली बाजरीसारख्या पिकाच्या नोंदणीची पहिली मुदत 6 वर्षांची असते, नूतनीकरणासह एकूण 15 वर्षे. नूतनीकरण झाले आहे का आणि वार्षिक शुल्क भरले आहे का, हे अवसायकाला पत्राने विचारा. हस्तांतर झाल्यावर या कायद्याखालच्या दिल्लीतील प्राधिकरणाकडे आपल्या नावाची नोंदही करावी लागेल. शीतगृहाचे भाडे थकले असल्यास तेही याच पत्रात विचारून घ्या, कारण भाड्यासाठी अडवलेले बियाणे तुम्हाला हक्काच्या कागदावर सोडवता येणार नाही.