मदत हवी आहे: आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरील आडनावाची दुरुस्ती कोल्हापूरला होते, की नाशिकलाच जावे लागते?

नमस्कार. आम्ही कणकवली तालुक्यातले. माझी मुलगी नुकतीच बी.एस्सी. नर्सिंग उत्तीर्ण झाली. तिचे महाविद्यालय महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे.

अडचण एका अक्षराची आहे. आमचे आडनाव सावंत. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार आणि जन्मदाखला या सर्वांवर इंग्रजीत ते ‘डब्ल्यू’ने लिहिलेले आहे, विद्यापीठाच्या चारही वर्षांच्या गुणपत्रिकांवर मात्र ‘व्ही’ छापून आला आहे. प्रवेशाच्या वेळी भरलेल्या अर्जाची झेरॉक्स मी जपून ठेवली होती. ती काढून पाहिली, तर मुलीने मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘डब्ल्यू’ स्पष्ट वाचता येतो, म्हणजे चूक माहिती पुढे पाठवताना झाली असणार. दरवर्षी गुण पाहण्याच्या आनंदात नावाकडे आमचे लक्ष गेले नाही, याचे आता फार वाईट वाटते.

महाविद्यालयाच्या कार्यालयाने दोन वेळा अर्ज घेतला, पोच एकदाही दिली नाही, आणि आता ‘तुम्हीच विद्यापीठात जाऊन या’ असे सांगितले जाते. इकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय तिला परिचारिका म्हणून काम करता येत नाही, आणि कागदपत्रांवर दोन वेगळी नावे असताना तो अर्ज भरण्याचा धीर होत नाही.

विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला म्हसरूळला आहे. येथून कोकणकन्येने रात्री निघायचे, पहाटे ठाण्याला उतरायचे आणि तेथून पुन्हा नाशिकची गाडी धरायची. एखादा कागद कमी पडला, तर तेवढाच प्रवास पुन्हा. माझ्या थोरल्या बहिणीने वैद्यकीय शिक्षण घेतले तेव्हा आपल्याकडची ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाकडे होती. 1998 मध्ये हे स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि आयुर्वेदापासून नर्सिंगपर्यंत साऱ्या राज्याच्या परीक्षा एका ठिकाणी आल्या, ते योग्यच झाले असे माझे मत आहे. पण किनाऱ्यावरच्या मुलींना त्या दारापर्यंत पोहोचणे सोपे असावे, असे मनापासून वाटते. विद्यापीठाचे एक विभागीय केंद्र कोल्हापूरला आहे. फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे सकाळी गेले, तर काम आटोपून रात्रीपर्यंत घरी परत येता येते.

म्हणून विचारतो: अशा दुरुस्तीचा अर्ज कोल्हापूर केंद्रात स्वीकारला जातो का, आणि सिंधुदुर्ग जिल्हा त्याच केंद्राकडे येतो की मुंबईच्या? प्राचार्यांचे पत्र, दहावीची गुणपत्रिका आणि प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम भागते का? सेतू केंद्रात एका गृहस्थांनी राजपत्रात नाव बदलून घेण्याचा सल्ला दिला. तो मला पटलेला नाही, कारण तसे केल्यास तिचे ‘जुने नाव’ म्हणून ‘व्ही’चे आडनाव लिहावे लागेल, आणि ते तर तिचे कधीच नव्हते. शिवाय चारही गुणपत्रिका एकाच अर्जात दुरुस्त होतात, की प्रत्येकीसाठी वेगळे शुल्क भरावे लागते?

पदवी प्रमाणपत्र छापून येण्याआधी ही दुरुस्ती व्हावी, अशी आमची धडपड आहे. स्वतःची किंवा मुलांची अशी दुरुस्ती ज्यांनी करून घेतली आहे, त्यांनी कोणत्या खिडकीवर अर्ज दिला आणि किती दिवस लागले, तेवढे कृपया सविस्तर लिहावे.