स्कॉलरशिपच्या फॉर्मात 'लीडरशिप'खाली काय लिहू??

वेसाव्याची_पोर
मंडळी मदत हवीय. मरीन बायोलॉजीत पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. विषय असा की डोल जाळ्यात (पिशवीसारखं जाळं) बोंबील-जवळ्यासोबत अजून काय काय येतं. बाहेरच्या एका स्कॉलरशिपचा फॉर्म भरतेय, मार्क, पेपर, कॉन्फरन्स सगळं झालं आणि 'कॉन्झर्वेशन लीडरशिप, ५०० शब्द' इथे तीन दिवस गाडी अडकलीय. मी कशाची अध्यक्ष नाही, बक्षीस एकच, तेही पोस्टरला. पहाटे बंदरावर जाऊन टोपल्या बघते, नाखव्यांशी गप्पा मारते, उधाणाच्या दिवसांत पाणी खूप आत गेलं की कॉलेजच्या पोरांना कार्टर रोडच्या खडकांवर नेते, बस. आई म्हणते लिही, माशांचा वास सहन करते 😐

उत्तनचा_नाखवा
कासव जाळ्यात आलं तर तुला फोन करतात का कोणी? करत असतील तर तेच लिही ना. आमच्याकडे आधी मेलेलं वाटलं की लगेच पाण्यात टाकायचे. एका मॅडमनी सांगितलं की ते नुसतं गुदमरलेलं असतं, हवा घ्यायला वर येता आलं नाही म्हणून, मागची बाजू जरा उंच करून सावलीत ठेवा, अंग ओलं ठेवा. दोन तासांनी हललं. मी स्वतः बघितलंय.

खारफुटी_७७
यारी रोडच्या सीआयएफईतून (मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था) मास्टर्स केलंय, असे फॉर्म बरेच भरलेत (दोन रिजेक्ट 😅). पदं शोधू नकोस, तुझ्यामुळे कोणी काय वेगळं केलं ते लिही. २०१८ पासून राज्याची स्कीम आहे, संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई, पण फोटो आणि कागद लागतात आणि तिथेच लोक कंटाळतात. तू कोणाचा अर्ज भरून दिलायस का? दिला असशील तर ती लीडरशिपच, वर्कशॉपच्या सर्टिफिकेटपेक्षा कितीतरी भारी.

स्पष्टच_बोलतो
सगळं ठीक पण एक सांगतो, राग मानू नकोस. नाखव्यांनी सांगितलेलं स्वतःच्या नावावर खपवू नकोस, हे आमच्या फील्डमध्ये सर्रास चालतं. आणि जमलं नाही ते पण लिही. २०२३ ला ५४ जातींच्या माशांची किमान साईझ ठरवली सरकारने, छान, पण डोलीचा आस (जाळ्याची भोकं) एवढा बारीक की पापलेटची पिल्लं येणारच, आणि आस मोठा केला तर जवळा निसटतो, मग त्या माणसाने खायचं काय? यावर तुझ्याकडे उत्तर नसेल तर नाही म्हण. वाचणाऱ्याला ते कळतं.

वेसाव्याची_पोर
अरे बापरे, थँक्यू सगळ्यांना. काका, फोन येतात हो! वहीत बघितलं, दोन वर्षांत ११, त्यातले ३ मध्यरात्रीचे आणि एकदा तर कासव नव्हतंच, मोठा पाकट (चपटा रे मासा) होता. अर्ज दोघांचे भरून दिलेत, एकाचे पैसे आले, दुसऱ्याचा फोटोच धुरकट म्हणून अडकलाय, तो अजून भेटला की माझ्यावरच चिडतो. आसाचं माझ्याकडे खरंच उत्तर नाहीये, तसंच लिहिते. आता प्रश्न ५०० शब्दांत बसवायचं कसं हा. पाकटाचा किस्सा ठेवू की काढू?

उत्तनचा_नाखवा
ठेव गो. आणि फोटो काढताना आधी लेन्स पुसायला सांग त्याला, खाऱ्या पाण्याने धुरकट होते.